भरलेलं पिंप

चौथ्या पायरीवर तिएरीने खांदा काढून घेतला आणि पिंपाला कान लावला.

तळघराच्या पायऱ्यांवर दोन फळ्या टाकलेल्या होत्या. वर दारात गाडा उभा होता, त्याला देवदाराच्या डहाळ्या बांधलेल्या. एत्येन वरून दोर ओढत होता आणि तिएरी खालून पिंप रेटत होता. बाहेर चौकात बँडवाले थंडीने आखडलेल्या ओठांनी सूर लावून बघत होते. एकाचा सूर चढे, दुसऱ्याचा घसरे, आणि मध्येच कुणीतरी मोठ्याने हसे. व्हेर्नोआ गावाने पहाटेपासून आंघोळ केल्यासारखा चेहरा केला होता. दर घराच्या तळघराची दारं उघडी, दर खिडकीत पिवळी कागदी फुलं, दर गळ्यात दोरीला टांगलेला पेला. अकराला पिवळ्या वाइनच्या उत्सवाची मिरवणूक निघणार होती. आत्ता नऊ वाजून गेले होते.

"दादा, थांब जरा."

"का? दम लागला?" वरून एत्येनचा आवाज आला. "लिऑनला लिफ्ट असते ना तुमच्याकडे. सवय मोडली असेल."

"दम नाही लागला. याच्यात खळखळ नाही."

दोर ताणलेलाच राहिला.

तिएरी पंचवीस वर्षं लिऑनला फरश्या विकत होता, पण लहानपण याच पिंपांच्या पोटाखाली रांगण्यात गेलं होतं. पिवळी वाइन सहा वर्षं आणि तीन महिने पिंपात निजते. कुणी तिला उठवत नाही, वर घोटभरही घालत नाही. ती आपली आपण आटत जाते, आणि आटलेल्या वाइनवर साय धरते. त्या सायीखालीच ती पिवळी होते. सहा वर्षांनी पिंप जवळजवळ अर्ध्यावर आलेलं असतं आणि हलवलं की आत नदी असल्यासारखं खळखळतं. हे पिंप मुकं होतं.

त्याने बोटाच्या पेराने वर टकटक केलं. मग मध्ये. मग खाली. तिन्हीकडे एकच आवाज आला, जाड आणि बुजलेला.

"दादा," तो हळू म्हणाला, "हे भरलेलं आहे रे. काठोकाठ."

*

ओदीलबाई दारात आल्या तेव्हा पिंप परत खाली, मातीच्या जमिनीवर टेकलं होतं आणि दोन्ही लेक त्याच्या दोन बाजूंना उभे होते, लहानपणी खिडकीची काच फुटल्यावर उभे राहायचे तसे. त्यांच्या हातात फुलांची पाटी होती. तीन आठवडे त्यांनी नातीबरोबर बसून ती फुलं वळली होती, आणि वळताना जुनं गाणं गुणगुणलं होतं:

सहा गं हिवाळ्यांची, पिंपामध्ये निजे लेक,
हाक नका मारू कुणी, दिस मोजा एक एक.

खुब्याचं हाड बदलल्यापासून त्या या पायऱ्या उतरल्या नव्हत्या. आज उतरल्या, एका हाताने भिंत धरून.

"काय झालं ते मला सरळ सांगा."

सांगितलं तिएरीने. एत्येनने नुसता पिंपावर हात ठेवला होता.

ओदीलबाईंनी पाटी खाली ठेवली. हे त्यांच्या नवऱ्याचं, आन्सेल्मचं, शेवटचं पिंप होतं. त्याने त्या वर्षीच्या कापणीनंतर भरलं आणि जानेवारीत तो गेला. जाणाऱ्याचं पिंप घरच्यांनी चाखायचं नाही, पुरे दिवस भरले की गावासमोर फोडायचं, ही व्हेर्नोआची रीत. यंदा गावाने उत्सवाचा मान त्याच पिंपाला दिला होता. त्यांच्या ग्रांजिए घराला असा मान बावन्न वर्षांनी मिळत होता.

"तिएरी," त्या म्हणाल्या, "तूच म्हणत होतास ना, या जुन्या तळघरात पाहुण्यांसाठी खोल्या काढू म्हणून?"

"खोल्या काढू म्हणालो आई. पिंपात पाणी घालू म्हणालो नाही."

"नाताळात तू एकटाच खाली उतरला होतास."

"बाबांच्या स्टुलावर बसायला! तेवढंही नको का मला?" त्याचा आवाज चिरकला. "दर वेळी काही बिघडलं की माझंच नाव. दादा इथंच राहतो, चावी स्वयंपाकघराच्या दारामागे टांगलेली असते, पण चोर लिऑनहून येतो!"

"दादाने सहा वर्षांत इथं पाऊल टाकलेलं नाही, हे तुलाही माहीत आहे."

ते खरं होतं, आणि का, तेही सगळ्यांना माहीत होतं. त्या शेवटच्या कापणीला एत्येनला द्राक्षं आठ दिवस आधी खुडायची होती. आन्सेल्म म्हणाला होता, माझ्या जिवंतपणी नाही. भर मळ्यात, वीस मजुरांसमोर, बापलेक एकमेकांवर ओरडले. शेवटी एत्येनने आपल्या वाट्याच्या ओळी आधी खुडल्या, बापाने उरलेल्या नंतर. त्यानंतर ऑक्टोबर गेला, डिसेंबर गेला. बोलणं झालं नाही. मग बोलायला माणूसच उरला नाही. एत्येनने नवं तळघर बांधलं, मळा सांभाळला, पण बापाच्या पिंपाजवळ तो कधी आला नाही.

"तिएरीला काही बोलू नका आई," पायऱ्यांवरून कुणीतरी म्हणालं. "मी भरलंय ते."

*

एत्येनची बायको सिल्वी वरच्या पायरीवर उभी होती, हाताला सॉसेजच्या धुराचा वास, ॲप्रन अजून तसाच. तिच्या मागे तिची लेक नोएमी, हातात हातोडा. सत्तावीस वर्षांची ही पोर आज आजोबांचं पिंप फोडणार होती, आणि त्यासाठी तिने केस घट्ट वेणीत बांधले होते.

मान जाहीर झाल्या दिवसापासून सिल्वीला घास उतरत नव्हता. ताटात चीज तसंच राहायचं, रस्त्यात कुणी अभिनंदन केलं की ती अक्रोड मोजल्यासारखी बोटं चाळवत राहायची. आता बोलायचंच ठरल्यावर ती दोन पायऱ्या खाली उतरली.

"बाबा गेले त्या महिन्यात," ती म्हणाली, "एत्येन वर भिंतीकडे तोंड करून झोपलेला असायचा. पिंपं बघायला कुणी नव्हतं. मी बघायला लागले. बाबा पिवळीच्या पिंपावर खडूने फुली मारायचे आणि जेवणातल्या पांढऱ्या वाइनच्या पिंपावर गोल. पांढरी भरून ठेवायची, पिवळीला शिवायचं नाही. या पिंपावर काहीच नव्हतं. फुली नाही, गोल नाही. मला वाटलं, पांढरीचंच. वाजवलं तर वरती थोडं रितं लागलं."

"आणि तू भरलंस," एत्येन म्हणाला. तो तिच्याकडे बघत नव्हता.

"एक झारी ओतली. मग दिवा जवळ नेला. तर वर सायीचे तुकडे तरंगत होते. नुकती धरायला लागली होती रे, बाळाच्या जावळासारखी. मी फाडली."

वरून बँडचा एक ढोल एकदाच वाजला आणि थांबला.

"त्याच आठवड्यात तू म्हणालास, ते बाबांचं शेवटचं आहे, त्याला कुणी हात लावायचा नाही. तेव्हा सांगायला हवं होतं. मला सांगता आलं नाही. महिन्याने गुपचूप येऊन बघितलं तर आंबूस वास यायला लागला होता. साय परत धरत नव्हती. तसंच सोडलं असतं तर व्हिनेगर झालं असतं." तिने ॲप्रनला हात पुसले, ते कोरडेच होते. "मग माझ्या वडिलांनी शिकवलेलं तेवढंच मला येत होतं. बरगंडीत पिंप कधी रितं ठेवत नाहीत. दर पंधरा दिवसांनी येऊन भरायचं. तसं भरत राहिले."

"सहा वर्षं?" तिएरीने विचारलं.

"सहा वर्षं."

ओदीलबाईंनी मातीवरच्या स्टुलाचा आधार घेतला. हे आन्सेल्मचं स्टूल होतं, त्यांच्या ध्यानात ते आलं, आणि त्या त्यावर बसल्या.

"तीस वर्षं झाली तुला या घरात येऊन," त्या म्हणाल्या. "लग्नात माझी नणंद म्हणाली होती, बरगंडीची मुलगी आणलीत, भांडी भरून ठेवील. आम्ही हसलो होतो. त्यांच्याकडे हातच तसा वळतो, असं आम्ही म्हणायचो." त्यांना खरं तर रडू येत होतं, पण आवाजात रागच आला. "आता गाव हसेल."

"हसू दे की आजी," नोएमी पायऱ्या उतरत म्हणाली. "आधी चाखून तरी बघा."

"जाणाऱ्याचं पिंप चाखत नाहीत."

"जाणाऱ्याचं असेल तर ना. आता ते आईचं पण आहे."

*

काचेची नळी नोएमीनेच घातली. नळीत आलेली वाइन फिकट होती, हिवाळी सकाळच्या उन्हासारखी, आणि एवढीशीही पिवळी नव्हती. पेला तिने आधी काकाला दिला, कारण त्याच्याइतकं स्पष्ट बोलणारं घरात कुणी नव्हतं.

तिएरीने घोट घेतला. तोंडात फिरवला. मग डोळे मिटून राहिला.

"काय?" ओदीलबाई अधीर झाल्या. "आंबलीय?"

"आंबली असती तर बरं झालं असतं आई. म्हणालो असतो, पिंप दगावलं. पिंपं दगावतात. लोक टोपी काढतात आणि दुसऱ्या घरी जातात." त्याने पेला पुढे केला. "ही चांगली आहे. फार चांगली आहे. हीच तर पंचाईत आहे. चौकातलं शेंबडं पोरसुद्धा वास घेऊन सांगेल, कुणीतरी सहा वर्षं हिला जपलंय."

ओदीलबाईंनी घेतला तो एवढासा घोट. त्यांना अक्रोडाची चव लागली नाही, सायीची लागली नाही. उतारावरची, चुनखडीच्या मातीची, त्या वर्षीच्या उशिरा खुडलेल्या द्राक्षांची चव लागली, सालीसकट. साठ वर्षं आन्सेल्मची वाइन त्या पीत आल्या होत्या, आणि सायीखाली तो काय ठेवायचा ते त्यांना आज पहिल्यांदा कळत होतं. त्यांनी पेला पटकन परत दिला.

"ऐका," तिएरी म्हणाला. तो आता येरझाऱ्या घालत होता. "नव्या तळघरात दादाचं त्याच वर्षाचं पिंप आहे. रीतसर पिवळी. खळखळतंही. गाडा हाच, फुलं हीच. दीड तास आहे. नोएमीने हातोडा मारायचा, वाइन पिवळी येईल, गाव टाळ्या वाजवील. कुणाला काय कळणार?"

"आणि वहिनीचं?" एत्येनने विचारलं. बायकोचं नाव त्याने घेतलं नाही.

"वहिनींनी काही केलंच नाही. मी म्हणतो ते ऐका वहिनी, हे पिंप आपण इथंच प्यायचं, घरच्या घरी, दर रविवारी. मी लिऑनहून येत जाईन."

कितीतरी वर्षांनी ओदीलबाई धाकट्याकडे बघून मान हलवत होत्या. "तिएरी म्हणतो तेच बरोबर आहे. घरातलं घरात राहील."

"हातोडा मी मारायचाय," नोएमी म्हणाली. तिने तो पिंपावर आडवा ठेवला. "अख्ख्या गावासमोर आधी बोलायचं असतं आजी, हे अमक्याचं पिंप, त्याने त्या वर्षी भरलं. मी काय बोलू? आजोबांचं म्हणून माझ्या बाबांचं फोडू?"

"बोलायचं आणि मारायचं. शंभर जण वर्षभर खोटं बोलतात, तू एकदा बोललीस तर चर्च कोसळत नाही," ओदीलबाई म्हणाल्या.

"मी नाही बोलणार."

"मग माझ्याकडे दे तो हातोडा," तिएरी म्हणाला. "नाहीतरी तो मला कधी कुणी दिलाच नाही."

सगळे एकदम बोलायला लागले. ओदीलबाई नातीला, नात काकाला. काका आईला सांगत होता की तीच बरोबर आहे, आणि ती त्याला सांगत होती की त्याने मध्ये पडू नये. सिल्वी एत्येनकडे बघत होती.

एत्येनने अजून चाखलं नव्हतं. पेला हातात घेऊन त्याने तो उजेडाकडे धरला, न पिता खाली ठेवला आणि दोर ओढताना अंगावर घेतलेला पट्टा सोडून खुंटीला अडकवला.

"मी चौकात जातो," तो म्हणाला. "बुव्हरेंचं पिंप राखीव ठेवलेलंच असतं. त्यांना सांगतो, तुमचं काढा."

"आणि कारण काय सांगणार आहेस?" ओदीलबाईंचा आवाज खाली आला.

"जे झालं तेच."

"बुव्हरे! त्या बुव्हरेंना देणार तू हा मान? तुझ्या वडिलांनी सारं आयुष्य चर्चमध्ये त्या माणसाच्या डावीकडे बसून त्याच्याशी एक शब्द..."

"आई, बाबांशी मी चार महिने बोललो नाही. आता त्यांच्या नावाने माझी वाइन पाजून तो हिशोब मिटवू?" त्याने टोपी घातली. "ते उठून बसतील आणि म्हणतील, आठ दिवस आधी खुडलीस ना, गाढवा. चवीवरून कळतंय."

तिएरीला हसू आलं आणि त्याने ते खोकल्यात दडवलं.

*

पावणेअकराला गाडा रिकामाच हलला. तिएरीनेच तो ओढला, कारण देवदाराच्या डहाळ्या आणि फुलं दुसरं कोण घेऊन जाणार. ओदीलबाईंनी पाटी उचलली तेव्हा नोएमी म्हणाली, "आजी, फुलं ठेवू ना आपल्याकडे?" त्यावर त्या म्हणाल्या, "फुलं उत्सवाची असतात, घराची नसतात," आणि भिंत धरून एकेक पायरी चढल्या. वर गेल्यावर त्यांनी नातीच्या वेणीतली सुटलेली बट कानामागे सारली. बुव्हरेंच्या दारापर्यंत त्या दोघी गाड्यामागून चालत गेल्या. लोक बाजूला होत होते. कुणीतरी कुजबुजलं, कुणीतरी टोपी काढली. म्हातारा बुव्हरे दारात उभा होता आणि आनंद लपवायचा कसा हे त्याला सुचत नव्हतं.

"ओदील," तो म्हणाला, "हे असं नको होतं व्हायला."

"फुलं नीट बांध," ओदीलबाई म्हणाल्या. "डावीकडची गळताहेत."

*

एत्येन परत आला तेव्हा सिल्वी तळघरातच होती, खालच्या पायरीवर. बूच नुसतं टेकवलेलं. तो तिच्या शेजारी बसला नाही. पिंपासमोर उभा राहिला.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"मला काय म्हणाले?"

"काही नाही. एकदोघं हसले. बुव्हरेची सून म्हणाली, सहा वर्षं दर पंधरा दिवसांनी? वेडी का काय." तो थांबला. "मग सगळे गप्प झाले. म्हणजे मोजायला लागले असावेत."

सिल्वीने गुडघ्यांभोवती हात आवळले. "मी बोनला जाते थोडे दिवस. माझ्या बहिणीकडे."

एत्येनला राग आलेला होता आणि तो खरा राग होता. रविवारच्या एका सकाळीत तो जाणार नव्हता, हे तिला दिसत होतं. तो पिंपावरून हात फिरवत राहिला, पट्ट्यावरून, लाकडावरून. त्याला विचारायचं होतं, मला का सांगितलं नाहीस. पण तो पिंपांचा माणूस होता, आणि तोंडातून दुसरंच आलं.

"कशाने भरायचीस?"

"काय?"

"दर पंधरा दिवसांनी. पिंप पाण्याने भरत नाहीत. कुठली वाइन घालायचीस?"

"पहिली दोन वर्षं बाबांचीच," ती म्हणाली. "त्याच कापणीची, काचेच्या मोठ्या बुधल्यांत उरली होती. ती संपली." तिने वर बघितलं. "मग तुझी."

"माझी?"

"दर वर्षीची. नवी आली की नवी. दुसरी कुठली घालू? सव्हान्याँ द्राक्षाची, आपल्याच उताराची. बाहेरची आणली असती तर त्यात मिसळली नसती." ती जरा थांबली. "फार नाही. महिन्याला दोन लिटर असेल. चार वर्षं."

एत्येनने मनात धरून बघितलं. दोन लिटर, अठ्ठेचाळीस महिने. पाऊण हात उंचीपर्यंत तरी त्याची स्वतःची वाइन. खाली, मध्ये, वर, कुठंही वेगळी काढता येणार नाही अशी.

मघाचा पेला तिथंच होता, अजून अर्धाअधिक भरलेला. त्याने तो उचलला. वास घेतला. मग एक घोट घेतला. सिल्वीला त्याची पाठ दिसत होती, आणि पाठ हलत होती.

चौकात एकदम शांतता झाली. मग हातोड्याचा ठोका ऐकू आला, आणि त्यावर गावाचा आवाज उसळला. बँड सुरू झाला, या खेपेला सगळे एका सुरात. तळघरातल्या दोघांपैकी कुणीही दाराकडे बघितलं नाही.

एत्येनने बूच काढून आत बोट घातलं. वाइन बोटाला लागली नाही.

"या पंधरवड्याची राहिलीय," तो म्हणाला.

"उत्सवाच्या गडबडीत जमलं नाही. आणि आज तुम्ही पेलाही काढलात."

तो नव्या तळघरात गेला आणि झारी घेऊन आला. तीत गेल्या कापणीची वाइन होती, अजून गढूळ. पिंपाच्या तोंडावर त्याने झारी धरली आणि त्याचा हात थांबला. बापाचं पिंप त्याने आयुष्यात कधी भरलं नव्हतं.

"कुठवर?"

सिल्वी उठली, त्याच्या मनगटाखाली हात दिला आणि दिवा जवळ आणला.

"हळू ओत," ती म्हणाली. "मी सांगते."